बी घरचं, पेढी वाडीची

कोकणात कोणतं बी राखायचं, कुठे वाळवायचं, कशात भरायचं हे बहुतेक घरांत बाईच ठरवते. पण एकटीने राखलेलं बी एखाद्या ओल्या वर्षात जातं आणि जूनमध्ये विकतच्या पिशवीवर अवलंबून राहावं लागतं. दहा-बारा जणींनी मिळून बियाण्याची पेढी केली, म्हणजे बी एकत्र राखून एकमेकींना उसनं दिलं, तर ते टिकतं. सुरुवात दोन-तीन वाणांवरच करा: पेजेचा लाल भात (सिंधुदुर्गात वालय), नाचणी आणि भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर येणारा कुळीथ. खार जमिनीच्या गावांनी खारट जमिनीत तगणारा राता भात सोडू नये. घरातलं धान्य आषाढ-श्रावणात संपतं, तेव्हा पिकं निवडताना तेच महिने डोळ्यांसमोर ठेवा.

बी राशीतून उचलायचं नाही, उभ्या शेतात निवडायचं. बांधालगतची रोपं सोडा. तिथे उजेड आणि जागा जास्त मिळते म्हणून लोंबी भरलेली दिसते, पण तो गुण वाणाचा नसतो. फुलोऱ्यात एकदा आणि पिकल्यावर एकदा शेतात फिरा. वेगळ्या उंचीची, वेगळ्या रंगाची आणि करपा पडलेली रोपं उपटून टाका. मग मधल्या भागातल्या भाताच्या २०० रोपांची प्रत्येकी एक चांगली लोंबी कापा. त्यातून अर्ध्या किलोच्या आसपास बी मिळतं, म्हणजे साधारण एका गुंठ्याच्या लावणीपुरतं. झोडणी हाताने करा, कारण यंत्रात आधीच्या शेताचे दाणे अडकलेले असतात आणि भेसळ तिथूनच शिरते. भात-नाचणीच्या दोन वाणांत ३ मीटर अंतर पुरतं. काकडी-दोडक्याचं मात्र मधमाश्या परागीकरण करतात, म्हणून वाडीत प्रत्येकाची एकच जात बियाण्याला ठेवा.

सगळ्यात जास्त बी वाया जातं ते वाळवण्यात. तापलेल्या सिमेंटवर टाकू नका, त्याने बीजांकुर मरतो. गोणपाटावर पातळ पसरून सकाळचं ऊन द्या, अधूनमधून हात फिरवा, भर दुपारी सावलीत ओढा. दोन-तीन दिवसांनी दाणा दाताखाली धरून बघा: कटकन तुटला तर तयार, नुसता चेपला तर ओल आहे. मग तासभर निवू द्या आणि दव पडायच्या आत भरा. गरम बी डब्यात गेलं की झाकणाला आतून घाम येतो आणि थोड्याच दिवसांत बुरशीचा वास सुटतो.

चुलीवरच्या माळ्यावर कणगीत किंवा मुडीत (पेंढ्याने बांधलेल्या गाठोड्यात) बी टिकायचं ते धुराने आणि उबेने. घरात गॅस आला असेल तर तीच कणगी पावसाळ्यात ओल ओढते आणि सोंडे धरते. तिथे घट्ट झाकणाचा पिंप बरा. कुळीथ-वालाला चाळलेली कोरडी राख चोळा आणि वरून दोन बोटं जाड थर द्या.

उगवण मे महिन्यात तपासा. कापणीनंतर लगेच केलेली चाचणी फसवते, कारण काही भात तेव्हा सुप्तावस्थेत असतात, म्हणजे जिवंत असूनही उगवत नाहीत. ओल्या फडक्यात १०० दाणे गुंडाळा. ८० किंवा जास्त उगवले तरच ते बी वाटा. पेरणीआधी भाताचं बी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात घाला, तरंगलेलं काढून टाका, तळाशी बसलेलं साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवून सावलीत सुकवा.

उसनवारी सव्वापटीने ठेवा: ४ किलो नेलं तर ५ किलो परत. नाचणीचं उसनं थोडंच लागतं, लावणीला गुंठ्याला ५० ग्रॅम बी पुरतं. पीक पुरात गेलं तर फेड पुढच्या वर्षावर न्या, वाढीव काही घेऊ नका. नाहीतर सगळ्यात गरीब बाई आधी गळते, आणि पेढी मुळात तिच्यासाठीच आहे. वहीत वाण, कोणाच्या शेतातलं, कोणत्या सालचं आणि उगवण किती एवढं तरी लिहा. नाव प्रत्यक्ष शेती करणारीचं लिहा, नवऱ्याचं नव्हे.

सगळं बी एका घरात ठेवू नका. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला, ऐन पेरणीच्या तोंडावर, श्रीवर्धन भागात धडकलं आणि घरांची छपरं उडाली. पुढच्याच वर्षी जुलैत चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. निम्मं बी दुसऱ्या वाडीत, उंचावरच्या घरी ठेवा.

बी विकायलाही हरकत नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायचा, वाटायचा, विकायचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने मात्र विकता येत नाही.

पेढी नीट चालू लागली की सातबाऱ्याकडे वळा. जमीन कसणाऱ्या बाईचं नाव उताऱ्यावर नसेल तर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई तिच्या नावे मिळणं अवघड होतं. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. अर्ज नवऱ्याने तलाठ्याकडे द्यायचा. गटातल्या सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी न्या, पोच घ्या आणि फेरफाराचा क्रमांक त्याच वहीत नोंदवा.