नगररचनेच्या टेबलावरची पहिली दोन वर्षे

खानदेशातील एका नगरपरिषदेत रचना सहायक म्हणून रुजू झालो, त्या आठवड्यात माझ्यापुढे दोन अर्ज आले. पहिला जुन्या ले-आऊटमधील एका त्रिकोणी भूखंडाच्या मालकाचा होता. त्यांना सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची अंतरे, कमी करून हवी होती. दुसरा महामार्गालगतच्या शेतजमिनीचा होता. तेथे व्यापारी संकुल उभारायचे होते, परंतु विकास योजनेत, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या शहराच्या आराखड्यात, ती जमीन शेती विभागात दाखवलेली होती. दोन्ही अर्जांवर विषय एकच लिहिला होता : ‘सवलत मिळणेबाबत’. मीही दोन्ही एकाच साच्यात घालून ‘शिफारस करण्यास हरकत नाही’ अशी टिपणी लिहिली आणि वरिष्ठांनी दोन्ही धारिका न बोलता माझ्या टेबलावर परत ठेवल्या.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने सर्वप्रथम हा भेद पक्का करावा. मापांतील सवलत आणि जमिनीच्या वापरातील बदल या दोन निरनिराळ्या गोष्टी असून त्यांचे अधिकारही निरनिराळ्या ठिकाणी आहेत. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतांश भागाला लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार, स्पष्ट दाखवता येईल अशी अडचण असेल तर नियोजन प्राधिकरण (आमच्याकडे नगरपरिषद) विशिष्ट प्रकरणी मापे शिथिल करू शकते. मात्र त्यामुळे आरोग्य, अग्निसुरक्षा आणि इमारतीची मजबुती यांना बाध येता कामा नये. याउलट शेती विभागाचा निवासी किंवा वाणिज्य विभाग करणे हा मंजूर विकास योजनेतील फेरबदल होय. त्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधील कलम 37 ची वाट धरावी लागते आणि अंतिम मंजुरी शासनाची असते. नकाशात शेती विभाग हिरवा आणि निवासी विभाग पिवळा असतो, म्हणून आपल्याकडे लोक सरळ ‘ग्रीनचं यलो करून द्या’ असे म्हणतात, जणू रंगाचा डबा कार्यालयातच ठेवलेला आहे.

त्रिकोणी भूखंडाचे मालक माझ्यासमोर बसून म्हणाले होते, “साहेब, मना प्लॉट वाकडा शे, त्यामा मना काय दोष?” त्यांचे म्हणणे खरे होते आणि अडचण म्हणतात ती हीच. जी अडचण जमिनीच्या आकारातून येते, ती विचारात घेता येते. जास्त भाडे मिळावे म्हणून मालकाला जी वाटते, ती घेता येत नाही. मात्र त्यांना मागच्या बाजूबरोबर रस्त्याकडचे अंतरही कमी करून पुढे किराणा दुकान काढायचे होते. रस्त्याच्या हद्दीपासूनचे अंतर आणि चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते ते, म्हणजेच एफएसआय) या दोन बाबींत या अधिकाराने सूट देता येत नाही, हे मला नियमावली पुन्हा वाचल्यावर कळले. मी पहिल्या टिपणीत मागच्या आणि रस्त्याकडच्या दोन्ही अंतरांची शिफारस करून मोकळा झालो होतो!

दुसऱ्या धारिकेने अधिक शिकवले. कलम 37 खाली सूचना राजपत्रात प्रसिद्ध करून एक महिन्याच्या मुदतीत हरकती व सूचना मागवाव्या लागतात, बाधित व्यक्तींना नोटीस द्यावी लागते, सुनावणी घ्यावी लागते, आणि फेरबदलाने मूळ योजनेचे स्वरूपच पालटत नाही ना, हेही तपासावे लागते. अर्जदारांनी पहिल्याच भेटीत जमिनीचे दर आणि होणारा रोजगार यांवर तासभर सांगितले. (प्रत्येक अर्जात ‘लोकहितास्तव’ हा शब्द असतोच, काही दिवसांनी डोळा तो आपोआप ओलांडतो.) सुनावणीला शेजारचा एक कापूस उत्पादक शेतकरी आला. त्याने हातातला जुना गाव नकाशा टेबलावर पसरला आणि प्रस्तावित जागेतून जाणारा नाला दाखवला. तो सातबाऱ्यावर नव्हता, विकास योजनेतून मी काढलेल्या त्या जागेच्या भाग नकाशावरही नव्हता, आणि उन्हाळ्यात केलेल्या माझ्या स्थळपाहणीत तो मला साधा खोलगट भाग वाटला होता. नाला बुजला असता तर पावसाचे पाणी त्याच्या शेतात तुंबले असते. त्यानंतर मोजणी नकाशा, गाव नकाशा आणि विकास योजनेचा भाग नकाशा एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय मी टिपणी लिहायला घेत नाही. तापी, गिरणा किंवा पांझरेच्या काठची जमीन असेल तर निळी व लाल पूररेषाही पाहावी; पहिली साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

प्रारूप विकास योजनेवरील हरकती ऐकणारी नियोजन समिती वेगळी असते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेल्या चारपर्यंत जाणकार व्यक्ती असतात. नवख्या माणसाचे तेथील काम ऐकण्याचे आणि नोंदी अचूक ठेवण्याचे असते. सदस्य आपापसांत वाद घालू लागले की आपले मत सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा, पण रस्त्याची रुंदी कोणी चुकीची सांगितली तर तेवढे नम्रपणे दुरुस्त करावे.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगतो. स्थापत्य, वास्तुशास्त्र किंवा नियोजन यांपैकी कोणत्याही वाटेने येथे येता येते. नियमावली पाठ करण्याआधी धुळ्यात एक दिवस पायी फिरावे, असे मला वाटते. 1819 च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज यांनी जिल्ह्याचे मुख्यालय म्हणून वसवलेल्या भागातील सरळ, क्रमांकांच्या गल्ल्या पाहाव्यात आणि मग जुन्या धुळ्यातील वस्तीत जावे. एकच नियम दोन्हीकडे लावताना काय होते, हे तेथे डोळ्यांना दिसते.

तारखांच्या बाबतीत हयगय नको. परिपूर्ण अर्जावर 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाऊ शकते, आणि नकाराविरुद्ध अपिलासाठी 40 दिवसांची मुदत असते. नकाराची कारणे म्हणूनच अशी लिहावीत की ती अपिलात वाचून दाखवता येतील.

व्यापारी संकुलाचा प्रस्ताव नाल्याची पट्टी मोकळी ठेवण्याच्या अटीसह शासनाकडे गेला. त्रिकोणी भूखंडाला फक्त मागच्या बाजूची सवलत मिळाली, तीही अधिमूल्य, म्हणजे सवलतीबद्दलचे शुल्क, भरून. दुकान लहान झाले. जोत्यापर्यंतचे बांधकाम झाल्यावर जोता तपासणीला गेलो तेव्हा मालक नाराजच होते, परंतु फितीचे दुसरे टोक त्यांनीच धरले आणि रस्त्याकडचे अंतर मंजूर नकाशाप्रमाणे बरोबर भरले.