कीतोहून एका दिवसाच्या सहली: या चुका टाळा

इक्वेडोरची राजधानी कीतो समुद्रसपाटीपासून 2,850 मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर. म्हणजे हॉटेलच्या खोलीत बॅग टेकवली तेव्हाच तुम्ही महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेपेक्षा बाराशे मीटर वर आलेले असता, तेही एक पाऊल न चढता. हवेचा दाब इथे समुद्रसपाटीच्या सुमारे 71 टक्के असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. शरीराला ही तूट भरून काढायला दोन-तीन दिवस लागतात.

कीतोभोवतीच्या सहली फसतात त्या बहुतेक एकाच कारणाने. लोक नकाशावरचे किलोमीटर बघून बेत आखतात. उंची आणि घड्याळ बघतच नाहीत.

पहिल्या-दुसऱ्या दिवशी कोतोपाक्सी

ही सर्वांत महागात पडणारी चूक. कोतोपाक्सी या ज्वालामुखीभोवतीचं राष्ट्रीय उद्यान गाडीने जेमतेम दीड-दोन तासांवर आहे, म्हणून ते पहिल्या मोकळ्या दिवशी उरकलं जातं. पण तिथली गाडी थेट 4,600 मीटरच्या आसपासच्या वाहनतळापर्यंत जाते आणि पुढे होसे रिवास हे आश्रयगृह 4,864 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब 55 टक्क्यांच्या घरात. कीतोत एकच रात्र काढलेल्या माणसाने काही तासांत आणखी दोन हजार मीटर चढायचं, हे शरीराला झेपत नाही.

सहलींचा क्रम उंचीनुसार लावा. सुरुवात मिंदो या जंगलातल्या गावापासून करा, ते साधारण 1,250 मीटरवर आहे. किंवा ओतावालो हे बाजाराचं गाव घ्या, ते 2,530 मीटरवर आहे, म्हणजे कीतोपेक्षा खालीच. मग विषुववृत्ताचं स्मारक आणि पुलुलाहुआचं विवर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पापायाक्ताचे गरम झरे किंवा किलोतोआचं विवरातलं तळं आणि सर्वांत शेवटी कोतोपाक्सी. तेलेफेरिको या केबलकारला अनेक जण 'शहरातलीच गंमत' समजून पहिल्या दुपारी बसतात. तीही वीसेक मिनिटांत 4,000 मीटरच्या आसपास नेऊन सोडते. तिलाही क्रमात मागेच ठेवा. कोतोपाक्सीच्या आदल्या दिवशी तिथे जाऊन तास-दोन तास सावकाश फिरलं, तर अंगाचा अंदाज येतो.

भारतातून येणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. इक्वेडोरचं घड्याळ भारतापेक्षा साडेदहा तास मागे चालतं. डोकं जड, भूक नाही, झोप तुटक ही लक्षणं लांबच्या प्रवासाचीही आणि उंचीचीही. कशामुळे होतंय ते ओळखता येत नाही. अशा वेळी ते उंचीमुळेच आहे असं धरून चाला आणि त्या दिवशी वर जाऊ नका. झोपेची गोळी तर टाळाच. काही गोळ्या झोपेतला श्वास मंद करतात, आणि इथे तेच नको असतं.

डोकं दुखत असताना 'आलोच आहोत तर' म्हणून पुढे जाणं

उंचीचा त्रास, ज्याला तिथे 'सोरोचे' म्हणतात, पोहोचल्या पोहोचल्या दिसतोच असं नाही. बऱ्याचदा तो सहा ते बारा तासांनी जाणवतो. त्यामुळे 'विमानतळावर उतरलो तेव्हा मी ठणठणीत होतो' याला काही अर्थ नसतो.

नियम साधा आहे. डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त थकवा असेल, तर आणखी वर जायचं नाही. थांबूनही कमी होत नसेल, तर खाली यायचं. कोतोपाक्सीला एक गैरसमज हमखास दिसतो: ज्याला बरं वाटत नाही त्याला 'तू गाडीत बस, आम्ही आश्रयगृह बघून येतो' असं सांगतात. पण ती गाडीसुद्धा 4,600 मीटरवरच उभी असते! तिथे बसून आराम पडत नाही. गाडी लिंपियोपुंगो तळ्यापर्यंत, म्हणजे 3,800 मीटरच्या आसपास, खाली आणली तर फरक पडतो. म्हणून सामायिक सहल घेण्यापूर्वीच विचारा: कुणाला त्रास झाला तर गाडी खाली नेणार का? याचं उत्तर हो-नाही असं स्पष्ट मिळत नसेल, तर वडीलधाऱ्यांना घेऊन त्या सहलीला जाऊ नका.

तोल जाणं, सरळ रेषेत चालता न येणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागीही धाप लागणं, फेसाळ खोकला: यांपैकी एकही दिसलं तर विचारविनिमय नको. तडक खाली उतरायचं आणि थेट रुग्णालय गाठायचं.

ॲसिटाझोलामाइड (डायमॉक्स) हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं. प्रतिबंधासाठी साधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात आणि सुरुवात चढण्याच्या आदल्या दिवशी करतात. डोकं दुखायला लागल्यावर पहिली गोळी घेऊन चमत्काराची वाट बघणं चूक आहे. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवी लागणं हे परिणाम अपेक्षित आहेत. लांबच्या बसप्रवासात या दुसऱ्या परिणामाचा विचार आधीच करावा लागतो. हृदयविकार, रक्तदाब किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्या आई-वडिलांना नेणार असाल, तर डॉक्टरांना 'इक्वेडोरला चाललोय' एवढंच सांगू नका. '4,800 मीटरपर्यंत जाण्याचा बेत आहे' असं आकड्यासकट सांगा.

दोन पेयांबद्दलही सांगायला हवं. 'कानेलासो' हे दालचिनीचं गरमागरम पेय थंडीत हातात देतात. वास आपल्या मसाल्याच्या चहासारखा, पण त्यात उसाची दारू असते. ज्येष्ठांना देण्यापूर्वी विचारा: 'सिन अल्कोहोल?' (दारूशिवाय?) आणि कुठे कोकाच्या पानांचा चहा पुढे आला, तर अमेरिकेत नोकरीसाठी अमली पदार्थांची चाचणी द्यावी लागणाऱ्यांनी तो घेऊ नये. एका कपानेही चाचणीत कोकेन दिसू शकतं.

दुपारी पोहोचण्याचा बेत

अँडीजमध्ये सकाळ स्वच्छ असते, दुपारी ढग चढतात आणि मग पाऊस किंवा गारा. जून ते सप्टेंबर तुलनेने कोरडा काळ, तरी हा क्रम तेव्हाही पुष्कळदा दिसतो. कोतोपाक्सीचं 5,897 मीटरचं शिखर सकाळी आठला लखलखतं आणि अकराला नाहीसं होतं. विषुववृत्तावर दिवसही लहान-मोठा होत नाही. वर्षभर सूर्य सकाळी सहाच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मावळतो. उन्हाळ्यात आठपर्यंत उजेड बघायची सवय असलेली युरोप-अमेरिकेतली मंडळी इथेच फसतात.

म्हणून सहा-साडेसहाला निघा. विषुववृत्ताच्या दिशेला जाताना आधी पुलुलाहुआ बघा आणि परतताना स्मारक. पुलुलाहुआ हे ज्वालामुखीचं विवर आहे, त्याच्या तळाशी लोक शेती करतात. कड्यावरून दिसणारे ते शेतांचे चौकोन खरोखर डोळ्यांत साठवावेत असे, पण दुपारनंतर ढग विवरात उतरतात आणि समोर नुसता पांढरा पडदा उरतो. स्मारक काय, पावसातही जागेवरच असतं.

तेलेफेरिकोच्या वरच्या टोकापासून रुकू पिचिंचाची (4,696 मीटर) वाट निघते. जायला तीन ते चार तास लागतात आणि शेवटचा टप्पा सुट्या वाळूचा व खडकांचा आहे. दुपारी तिथे विजा पडतात, आणि उघड्या गवताळ धारेवर आडोसा कुठेच नाही. अकरापर्यंत खडकाळ टप्पा आला नाही तर मागे फिरा. एकट्याने तर ही वाट धरूच नका.

किलोतोआचा उतार

सर्वांत जास्त तंगडतोड इथे होते. विवराची कड 3,914 मीटरवर आणि हिरवट-निळं तळं जवळजवळ चारशे मीटर खाली. भुसभुशीत वाटेने उतरायला अर्धा-पाऊण तास लागतो, त्यामुळे 'एवढंच?' असं वाटतं. चढायला मात्र एक ते दीड तास, दमछाक झाली तर त्याहून जास्त. आपल्याकडे गडावर चढून मग उतरतात. इथे आधी उतार आणि थकल्यावर चढ, तोही पातळ हवेत. प्रत्येकी किमान एक लिटर पाणी खाली न्या, तळ्याचं पाणी खनिजांमुळे पिण्याजोगं नाही. वर यायला खेचरं मिळतात, भाडं साधारण 10 डॉलर, रोख. पण त्यांच्या भरवशावर उशिरापर्यंत तळ्याकाठी बसू नका.

सार्वजनिक वाहतुकीने जायचं तर कीतोच्या दक्षिणेकडच्या कितुंबे बसस्थानकावरून लाताकुंगा आणि तिथून किलोतोआ. एका बाजूला तीन-साडेतीन तास धरा, बस बदलताना जाणारा वेळ वेगळा. उतरल्याबरोबर पहिलं काम: परतीची शेवटची बस किती वाजता, हे तिथेच विचारून घ्या. ती चुकली तर घाबरू नका. 'कामियोनेता' म्हणजे पिकअप गाडी करून सुंबाहुआला या. ते गाव लाताकुंगा-केवेदो रस्त्यावर आहे आणि तिथून लाताकुंगाकडे जाणाऱ्या बस मिळतात. कड्यावरून पूर्ण प्रदक्षिणा घालायला चार ते सहा तास लागतात. ती आणि तळं दोन्ही एका दिवसात बसवू नका. आमचं मत विचाराल तर प्रदक्षिणा करायची असेल त्याने तिथे एक मुक्कामच करावा.

चुकीच्या बसस्थानकावर जाणं

कीतो दरीत लांबट पसरलंय. दक्षिणेकडे जाणाऱ्या बस (लाताकुंगा, बान्योस) कितुंबेहून सुटतात, ओतावालोच्या बस शहराच्या उत्तर टोकाच्या कार्सेलेनहून. दोघांमधलं अंतर गर्दीत तास-दीड तास खातं. डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालेली मेट्रो कितुंबे ते एल लाब्रादोर धावते आणि जुन्या शहरात सान फ्रान्सिस्को स्थानकाला थांबते. दक्षिणेकडे जायचं तर मेट्रोने थेट कितुंबे. उत्तरेकडे जायचं तर एल लाब्रादोरला उतरून पुढे टॅक्सी.

कितुंबे-लाताकुंगा मार्गावर पाठीवरची पिशवी वरच्या फळीवर किंवा आसनाखाली ठेवू नका. आसनाखालची पिशवी मागून चिरून पासपोर्ट आणि कॅमेरा काढून घेणं ही तिथली जुनी क्लृप्ती आहे. पिशवी मांडीवर, पट्टा हाताला गुंडाळलेला. गणवेशासारखे कपडे घालून कुणी 'पिशवी वर ठेवा' असं सांगितलं तरी नाही म्हणा.

कोतोपाक्सीच्या फाट्यावर बसमधून उतरून 'पुढे चालत जाऊ' हा बेत तर मुळीच करू नका. उद्यानाचं प्रवेशद्वार, तिथून तळं आणि मग वाहनतळ, सगळं मैलोनमैल पसरलेलं आहे. फाट्यावर कामियोनेता मिळते. भाडं, थांबण्याचा वेळ आणि वाहनतळापर्यंत नेणार की तळ्यापर्यंतच, हे बसण्यापूर्वी ठरवा. मूळ पासपोर्ट सोबत हवा, प्रवेशद्वारावर नोंद करतात. कोतोपाक्सी हा जागता ज्वालामुखी आहे, 2015 मध्ये आणि पुन्हा 2022-23 मध्ये त्याने राख ओकली. अशा काळात आश्रयगृहापर्यंतची वाट बंद करतात. आदल्या दिवशी तिथल्या भूभौतिकी संस्थेचं निवेदन बघा.

कपडे, ऊन, पैसे

विषुववृत्त म्हणून सुती टी-शर्टवर गेलेली माणसं वाहनतळावर कुडकुडताना दिसतात. घाम टिपणारा पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, शिवाय टोपी आणि हातमोजे. घाम आलेलं सुती कापड वाळत नाही आणि वाऱ्यात अंग गोठवतं. दुसरीकडे ऊन मात्र भाजून काढणारं. ढगाळ दिवशीही एसपीएफ 50 लावा, दोन तासांनी पुन्हा लावा, आणि सावळ्या कातडीला ऊन लागत नाही हा समज सोडा. पापायाक्ताच्या गरम झऱ्यांवर (सुमारे 3,300 मीटर) एका वेळी पंधरा-वीस मिनिटंच डुंबा आणि सावकाश उठा. गरम पाण्याने रक्तदाब उतरतो, त्यात उंची, आणि माणूस काठावरच घेरी येऊन बसतो.

चलन 2000 सालापासून अमेरिकी डॉलर आहे, म्हणून लोक 50 आणि 100 च्या नोटा घेऊन येतात. बस, खेचर, गावातली खानावळ, कुणीच त्या घेत नाही. 1, 5 आणि 10 च्या नोटा व नाणी ठेवा.

शाकाहाऱ्यांनी नुसतं 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही. त्याचा अर्थ बरेच जण 'गोमांस-डुकराचं मांस नको' एवढाच घेतात आणि चिकन येतं. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' (मांस, चिकन, मासे यांशिवाय) असं पूर्ण म्हणा. बटाटा-चीजचं 'लोक्रो दे पापा' हे सूप पोटभर आणि चवदार असतं, पण ते चिकनच्या पाण्यात केलंय का ते विचारा. 'चोक्लो कोन केसो', म्हणजे उकडलेलं मोठ्या दाण्यांचं कणीस आणि ताजं चीज, कुठेही बिनधास्त घ्या.

परतीच्या विमानाच्या दिवशी लांबची सहल

रात्री अकराचं विमान आहे म्हणून सकाळी मिंदो किंवा पापायाक्ता, हा बेत पावसाळ्यात, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मेमध्ये, जुगारच ठरतो. दोन्ही रस्त्यांवर दरडी कोसळतात आणि वाहतूक तासन्‌तास थांबते. विमानतळही शहरात नाही, तो पूर्वेला ताबाबेलाला आहे. शहरातून पाऊण ते दीड तास लागतो. त्या दिवशी जुनं शहर पायी बघा, आणि सहल करायचीच असेल तर विषुववृत्ताच्या स्मारकापलीकडे जाऊ नका.