ओबी डंपची पाहणी: खाणीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

चंद्रपूर, वणी, घुग्गुस या पट्ट्यात उघड्या खाणीवर लागलात की काही दिवसांतच ओबी (ओव्हरबर्डन) डंपच्या पाहणीचे काम वाट्याला येते. कोळशावरची माती, मुरूम, वाळूखडक उपसून जो डोंगर रचला जातो, तो हा डंप. झारखंडच्या राजमहाल खाणीत 29 डिसेंबर 2016 रोजी डंपखालची जमीनच सरकली आणि 23 जणांचा जीव गेला. म्हणून ढिगाऱ्याइतकेच त्याच्या खालच्या जमिनीकडे लक्ष द्या.

कोळसा खाण विनियम 2017 मधले चार आकडे तोंडपाठ हवेत. उतार मालाच्या नैसर्गिक कोनाइतका, पण 37.5 अंशांपेक्षा जास्त कधीच नाही. एका बेंचची, म्हणजे डंपच्या एका पायरीची, उंची 30 मीटरपर्यंत. एकंदर उतार 1 उभा, 1.5 आडवा. सार्वजनिक रस्ता, रेल्वे किंवा परक्या इमारतीपासून पायथा 100 मीटर लांब. यात नवखे एका जागी हमखास फसतात. 37.5 अंशांवर 30 मीटरच्या बेंचला सुमारे 39 मीटर आडवी जागा लागते, म्हणजे दोन बेंचना 78. पण 60 मीटर उंचीला 1:1.5 प्रमाणे 90 मीटर हवेत. उरलेले 12 मीटर मधल्या सपाट पट्टीने भरून काढायचे असतात. प्रत्येक बेंच कोनात बसतो, पट्टी मात्र 5 मीटरच सोडलेली असते आणि अख्खा डंप नियमाबाहेर जातो. म्हणून बेंचचा कोन मोजून थांबू नका, माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा उतारही काढा.

सोबत क्लायनोमीटर (उताराचा कोन मोजायचे साधन), 30 मीटरचा टेप, लोखंडी खुंट्या, रंगाचा स्प्रे, कॅमेरा, पारदर्शक बाटली आणि मागच्या पाहणीचे फोटो घ्या. आधी लांबून पाहा. माल पडत असलेल्या डंपच्या पायथ्याशी जायचेच नाही, वरून घरंगळणारा दगड कुठे थांबेल ते सांगता येत नाही.

माथ्यावर भेगा शोधा. काठाला समांतर, सरळ आणि दोन्ही बाजू एकाच पातळीत असलेली भेग बहुधा नव्या भरावाच्या बसण्याची असते. चंद्रकोरीसारखी वळलेली आणि काठाकडची बाजू खाली गेलेली भेग घसरणीची. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, निदान तीन ठिकाणी, आणि अंतर रोज ठरल्या वेळी मोजा. एका दिवशीचे 10 मिलिमीटर काहीच सांगत नाहीत. 2, 4, 9 असा रोजचा वेग वाढत असेल, तर माणसे आणि यंत्रे तात्काळ बाहेर काढा. स्थिर भेगेत चिकणमाती ठासून भरा, पाणी आत जाता कामा नये.

मग पायथा. आपल्याकडच्या काळ्या मातीचा खरा धोका इथे आहे. ती न काढता तिच्यावर डंप रचला, की भिजल्यावर ती वजनाखाली पुढे ढकलली जाते. पायथ्याबाहेरच्या जमिनीला फुगवटा, कुंपणाचे कललेले खांब, गारलँड ड्रेनचा (डंपभोवती पाणी वळवणाऱ्या चराचा) आत आलेला काठ या खुणा उपकरणाशिवाय दिसतात. ड्रेन सरळ रेषेत खोदला होता आणि आता वाकडा दिसतो? तीच तुमची नोंद. उपसलेली ओली काळी माती डंपच्या मध्ये थर करून टाकली असेल, तर तो थर घसरणीचा पृष्ठभाग होऊ शकतो. कुठे टाकली ते सुपरवायझरला विचाराच.

पायथ्याशी झिरपणारे पाणी बाटलीत भरून उजेडात धरा. गढूळ असेल तर डंपच्या आतली बारीक माती वाहून येते आहे. नेहमीचा झिरपा भर पावसात एकाएकी बंद पडला तर तेही वाईट, कारण पाणी आत अडले असण्याची शक्यता असते आणि त्याच्या दाबाने घसरण सुरू होते.

धुपीच्या बाबतीत सर्वाधिक चुका दुरुस्तीत होतात. घळ दिसली की तिच्यात माती लोटतात आणि पुढच्याच सरीत ती वाहून जाते. घळीच्या डोक्यावर चढून पाणी कुठून येते ते शोधा. बहुतेक वेळा बेंच बाहेरच्या बाजूला कललेला असतो किंवा काठाचा बांध एका जागी खचलेला असतो. आधी बेंचला आतल्या बाजूला ढाळ द्या, पाणी ड्रेनमध्ये घाला, मग घळीत दगडांचे छोटे बांध घाला, वर काथ्याची जाळी आणि गवत. ड्रेन गाळाने भरले असतील तर ते पावसाळ्याआधी उपसा.

धूर, वाफ किंवा गंधकासारखा वास आला तर तिथे पाय ठेवू नका. आत कोळशाची भुकटी धुमसत असते आणि वरचा कवच पोकळ असू शकतो.

नोंदवहीत “स्थिती ठीक” असे लिहू नका. बेंच क्रमांक, भेगेची लांबी-रुंदी, वेळ, गेल्या 24 तासांतला पाऊस आणि त्याच जागेवरून काढलेला फोटो, एवढे हवे. काम थांबवण्याची वेळ आली, तर आधी वायरलेसवर सांगा, नोंद नंतर करा.