पिचरला ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ ठरवावे का : निवड कशी करावी

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’, म्हणजेच एमव्हीपी, दर नोव्हेंबरमध्ये जाहीर होतो आणि एखाद्या पिचरचे, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचे, नाव पुढे आले की जुना वाद पुन्हा उभा राहतो. साधारण पाच दिवसांतून एकदा पिचिंग करणारा खेळाडू रोज खेळणाऱ्यापेक्षा मोलाचा कसा, असे विचारले जाते. सोलापुरात पहाटे साडेचारला उठून ते सामने पाहणाऱ्या मोजक्या रसिकांपुरताच हा प्रश्न नाही. शालेय आणि महाविद्यालयीन बेसबॉल-सॉफ्टबॉल स्पर्धांत गुणलेखन करणाऱ्या आणि शेवटच्या दिवशी सर्वोत्तम खेळाडूचे नाव संयोजकांच्या हाती देणाऱ्या क्रीडाशिक्षकांनाही तो सोडवावा लागतो. पिचर या मानाला पूर्ण पात्र आहे, असे माझे ठाम मत आहे. परंतु ती पात्रता गुणपत्रिकेवरून सिद्ध व्हायला हवी.

प्रथम नियम वाचावा. १९३१ पासून हा पुरस्कार बेसबॉल लेखकांची संघटना देत आली आहे. मतदारांना दिल्या जाणाऱ्या सूचनांत ‘मोलाचा’ या शब्दाची नेमकी व्याख्या नाही. संघासाठी खेळाडूचे प्रत्यक्ष मोल, खेळलेल्या सामन्यांची संख्या, वृत्ती, निष्ठा आणि परिश्रम पाहावेत, असे त्या सूचना सांगतात, आणि पिचरसह सर्व खेळाडू पात्र आहेत हेही तेथे स्पष्ट लिहिलेले आहे. पिचरचा विचारच करायचा नाही, असे आधी ठरवून बसणारा मतदार त्यामुळे नियमाच्या बाहेर जातो.

पिचरसाठी साय यंग पुरस्कार वेगळा आहे, मग हा कशाला, हा आक्षेप फार वेळ घेण्यासारखा नाही. तो पुरस्कार १९५६ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी डॉन न्यूकोम्ब या पिचरने साय यंग आणि एमव्हीपी हे दोन्ही मान मिळवले. शिवाय उत्कृष्ट हिटरसाठी, म्हणजे बॅटिंग करणाऱ्यासाठी, १९९९ पासून हँक आरॉन पुरस्कार आहे. त्या कारणाने हिटरना एमव्हीपीतून वगळा, असे कोणी म्हणत नाही. आपल्या स्पर्धेत ‘उत्कृष्ट पिचर’चा चषक वेगळा असला, तरी हाच न्याय लावावा.

खरा मुद्दा सामन्यांच्या संख्येचा आहे आणि येथे सावकाश हिशेब करावा लागतो. दिवस मोजण्याऐवजी प्रसंग मोजावेत : हिटरने किती वेळा बॅटिंग केली आणि पिचरने किती बॅटरना तोंड दिले. २०११ मध्ये एमव्हीपी ठरलेल्या डेट्रॉइटच्या पिचर जस्टिन वर्लँडरने १६२ सामन्यांच्या हंगामात ३४ सामन्यांतच पिचिंग केले, तर मतदानात दुसरा आलेला बोस्टनचा जेकोबी एल्सबरी १५८ सामने खेळला. केवळ हे आकडे पाहिले तर वाद संपल्यासारखा वाटतो. परंतु एल्सबरी ७३२ वेळा बॅटिंगला प्लेटवर आला, आणि वर्लँडरने ९६९ बॅटरना तोंड दिले. कमी दिवसांत त्याने अधिक प्रसंग हाताळले होते. पार्क स्टेडियमवर क्रिकेट पाहत वाढलेल्या सोलापूरकराला हे सहज पटावे, कारण २०२४ च्या टी-२० विश्वचषकात सामन्याला जास्तीत जास्त चार षटके टाकणारा जसप्रीत बुमराह स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा गोलंदाजाच्या पात्रतेची शंका आपल्यापैकी कोणाला आली नाही.

तरीही या ९६९ प्रसंगांचे सगळे श्रेय वर्लँडरच्या पदरात टाकणे चुकीचे ठरेल. एल्सबरीने सेंटर फील्डमध्ये केलेले क्षेत्ररक्षण आणि एका बेसवरून दुसऱ्या बेसवर धावण्यातील त्याचे कौशल्य यांचे माप वेगळे घ्यावे लागते, तसेच पिचरच्या पाठीशी उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकांचा वाटाही वजा करावा लागतो. त्यासाठी ज्यात क्षेत्ररक्षकांचा हात जवळजवळ नसतो अशा तीन नोंदी आधी पाहाव्यात : स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला मिळणारा पहिला बेस) आणि होम रन (बहुधा मैदानाबाहेर जाणारा, बॅटरला सगळे बेस पार करू देणारा फटका). वर्लँडरने त्या हंगामात २५० स्ट्राइकआउट घेतले, ५७ वॉक आणि २४ होम रन दिले. म्हणजे सुमारे एकतृतीयांश प्रसंगांचा निकाल मुख्यतः त्याच्याच हातून लागला. उरलेल्या प्रसंगांचे श्रेय क्षेत्ररक्षकांशी वाटून घ्यावे. हा हिशेब केल्यानंतरही २०११ चा निर्णय मला योग्य वाटतो. २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या क्लेटन केर्शॉला मिळालेला मान अधिक वादाचा आहे, कारण त्याची अर्न्ड रन सरासरी (क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा; जितकी कमी तितकी चांगली) १.७७ इतकी असामान्य असली तरी त्याने २७ सामन्यांत ७४९ बॅटरनाच तोंड दिले होते. शोहेई ओहतानीचे उदाहरण या वादात घेऊ नये. २०२१ आणि २०२३ मध्ये तो पिचर आणि हिटर अशा दोन्ही नात्यांनी निवडला गेला.

संघाच्या निकालानुसार पिचरच्या नावापुढे लागणाऱ्या विजय-पराजयांवर मात्र विसंबू नये. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा पिचर जेकब डीग्रॉम याची अर्न्ड रन सरासरी १.७० होती, तरी त्याच्या नावावर १० विजय आणि ९ पराजय लागले, कारण त्याच्या संघाने त्याला पुरेशा धावा करून दिल्या नाहीत.

सोलापुरातील तीन-चार दिवसांच्या स्पर्धेत चित्र बदलते. येथे एकच चांगला पिचर संघाच्या बहुतेक सामन्यांत उभा राहतो, त्यामुळे ‘रोज खेळत नाही’ हा आक्षेप उरतच नाही आणि पिचरचा वाटा मेजर लीगपेक्षाही मोठा होतो. गुणलेखकाने प्रत्येक पिचरसाठी तोंड दिलेले बॅटर, स्ट्राइकआउट, वॉक, दिलेल्या धावा आणि त्यांपैकी क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे गेलेल्या धावा असे रकाने पहिल्या सामन्यापासून ठेवावेत. अंतिम सामन्यानंतर आठवणीवरून ते भरता येत नाहीत. पिचर बॅटिंगही करत असेल, तर ती नोंद त्याच्याच खात्यात जोडावी.

टाकलेल्या चेंडूंचा रकानाही ठेवावा, पण त्याचा उपयोग गुण देण्यासाठी करू नये. अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांनुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ पेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत. चाळिशीपार गेलेल्या सोलापूरच्या उन्हात लागोपाठ दोन सामने टाकणाऱ्या मुलाचे कौतुक निवड समितीने केले, तर पुढच्या वर्षी प्रत्येक प्रशिक्षक आपल्या पिचरला तसेच राबवील आणि त्याची किंमत कोवळ्या खांद्याला व कोपराला मोजावी लागेल. याबाबत समितीने जराही तडजोड करू नये.

शेवटी मतदान. एकच नाव मागण्याऐवजी प्रत्येक सदस्याकडून क्रमवार यादी घ्यावी. मेजर लीगमध्ये दहा नावे लिहितात. पहिल्याला १४, दुसऱ्याला ९ आणि तेथून खाली एकेक कमी असे गुण मिळतात. छोट्या स्पर्धेत पाच नावे पुरतात. मात्र या पद्धतीत एखाद्याने नाव संपूर्ण गाळले, तर निकाल उलटू शकतो. १९९९ मध्ये पिचर पेड्रो मार्टिनेझला पहिल्या क्रमांकाची आठ मते मिळाली होती आणि इव्हान रॉड्रिगेझला सात. तरी २८ पैकी दोन मतदारांनी पेड्रोला यादीत कोठेच स्थान दिले नाही आणि तो २३९ विरुद्ध २५२ गुणांनी हरला. म्हणून स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक सदस्याकडून पिचर पात्र असल्याचे लेखी मान्य करून घ्यावे, आणि ज्याला ते मान्य नसेल त्याच्या जागी दुसरा सदस्य नेमावा.