आडनाव आधी की नाव आधी? परदेशी अर्जाआधी मुंबईतल्या विद्यार्थ्यांनी कागद कसे लावावेत

परदेशात एमएस करायचं ठरलं की घरात पहिली चौकशी जीआरई या प्रवेश परीक्षेच्या क्लासची होते. दादरला लावायचा की ठाण्याला, ऑनलाइन चालेल का, फी किती. क्लास जरूर लावा. पण त्याआधी एक संध्याकाळ काढून दहावी-बारावीच्या मार्कशीट, डिग्रीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, आधार आणि पासपोर्ट टेबलावर ओळीनं मांडा आणि प्रत्येकावरचं नाव एकेक अक्षर करत मोठ्यानं वाचा. आपल्याकडचे अर्ज गुणांमुळे जेवढे अडतात, त्याहून जास्त या टेबलावर सापडणाऱ्या गोष्टींमुळे अडतात.

नाव कुठे फुटतं

समजा मुलीचं नाव स्नेहा विजय पाटील, आईचं नाव सुनीता. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं: पाटील स्नेहा विजय. आईचं नाव खाली वेगळ्या रकान्यात असतं. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर बरेचदा चारही शब्द एकाच ओळीत येतात: पाटील स्नेहा विजय सुनीता. आपल्याला यात काहीच खटकत नाही. पण परदेशातला कारकून शेवटच्या शब्दाला आडनाव समजतो. त्याच्या लेखी ही मुलगी ‘मिस सुनीता’ होते आणि अर्जातली ‘मिस पाटील’ कोणी दुसरीच. मग ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा अधिकृत उतारा, पोचूनही ‘कागद मिळाले नाहीत’ असा मेल येत राहतो.

दुसरी गफलत स्पेलिंगची. दीपकमध्ये डबल ई की एकच आय, चौधरीत ए-यू की ओ-यू, गायकवाडच्या मध्ये एक जादा ए आहे की नाही. शाळेत एक, आधारवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं स्पेलिंग असणं आपल्याकडे फार नवलाचं नाही.

चूक कुठे आहे त्यावर उपाय ठरतो. बोर्डाच्या मार्कशीटवर छपाईची चूक असेल तर अर्ज शाळेमार्फत किंवा ज्युनियर कॉलेजमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. मुंबई विभागाचं मंडळ वाशीला आहे. तिथे पाहतात ते शाळेचं जनरल रजिस्टर. रजिस्टरमध्ये नाव बरोबर असेल तर दुरुस्तीला आधार मिळतो. रजिस्टरमध्येच चुकलं असेल तर प्रकरण लांबतं, म्हणून आधी शाळेत जाऊन त्या पानाची नक्कल मागा. मुळात नावच बदलायचं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. तो अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन होतो. मात्र राजपत्र निघालं म्हणून जुन्या मार्कशीट आपोआप बदलत नाहीत. पुढे प्रत्येक ठिकाणी जुनी मार्कशीट आणि राजपत्र यांची जोडी लावावी लागते.

फक्त शब्दांचा क्रम वेगळा असेल, किंवा आईचं नाव जास्तीचं असेल, तर राजपत्राची गरज नाही. ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची’ असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. त्यात प्रत्येक कागदाचं नाव, क्रमांक आणि त्यावर जसं छापलंय तसंच नाव लिहायला लावा. ठरावीक मजकूर छापून देणारे असतात, त्यात हे तपशील नसतात आणि असं मोघम प्रतिज्ञापत्र फारसं उपयोगी पडत नाही.

पासपोर्ट हाच धनी

पुढचा सगळा कारभार पासपोर्टवरच्या नावानं चालतो, त्यामुळे तो आधी नीट करा. फोटोच्या पानावर तळाशी दोन लांब ओळी असतात. वरच्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव येतं, मग लागोपाठ दोन कोनी चिन्हं (<<), मग नाव, एक कोनी चिन्ह आणि वडिलांचं नाव. जोडचिन्हाच्या आधीचं ते आडनाव, नंतरचं सगळं ‘गिव्हन नेम’. व्हिसाची आणि विमान कंपन्यांची यंत्रं हीच ओळ वाचतात. वरच्या छापील नावाकडे पाहून निश्चिंत होऊ नका, ही ओळ स्वतः वाचा.

लहानपणी काढलेल्या काही पासपोर्टांत आडनावाचा रकाना कोरा ठेवून पूर्ण नाव ‘गिव्हन नेम’मध्ये घातलेलं असतं. अमेरिकेच्या व्हिसावर मग ते सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापलं जातं. त्याचा अर्थ ‘पहिलं नाव अज्ञात’. तिकडे बँक खातं, ड्रायव्हिंग लायसन्स, पगाराची पावती, सगळीकडे ही तीन अक्षरं मागे लागतात. असा पासपोर्ट असेल तर वैयक्तिक तपशिलातला बदल हे कारण देऊन ‘री-इश्यू’चा अर्ज करा. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळला त्यावर आणखी २,०००. मुंबईत लोअर परळ, अंधेरी आणि मालाडला सेवा केंद्रं आहेत, ठाण्याचं वेगळं. पोलीस पडताळणी पुन्हा होऊ शकते, तेव्हा हे काम परीक्षेची नोंदणी करण्याच्या आधीच उरका. नोंदणी जुन्या पासपोर्टवर आणि परीक्षेच्या दिवशी हातात नवा, त्यावर नाव वेगळं, असं झालं तर केंद्राच्या दारातून परत यावं लागतं आणि फीही बुडते.

परीक्षा

इथे थोडक्यात. जीआरई सप्टेंबर २०२३ पासून १ तास ५८ मिनिटांची झाली आहे. व्हर्बल आणि क्वांट प्रत्येकी १३० ते १७०, लेखन ० ते ६. स्कोअर पाच वर्षं चालतो. परत द्यायची तर मध्ये २१ दिवस जावे लागतात आणि बारा महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा देता येते. आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचा स्कोअर दोनच वर्षं चालतो, म्हणून दुसऱ्या वर्षातच आयईएलटीएस देऊन ठेवण्याची घाई फुकट जाते. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी बऱ्याच अमेरिकन विद्यापीठांच्या तारखा आधीच्या डिसेंबर-जानेवारीत संपतात. चार वर्षांच्या डिग्रीत तिसरं वर्ष संपल्यावरचा उन्हाळा जीआरईचा, सप्टेंबर इंग्रजीच्या परीक्षेचा असं धरलं तर सातव्या सेमिस्टरच्या सबमिशनशी मारामारी होत नाही.

ट्रान्सक्रिप्ट, केटी आणि तो लिफाफा

संलग्न कॉलेजात शिकत असाल तर ट्रान्सक्रिप्ट दोन प्रकारची असू शकते: कॉलेजनं टाइप करून प्राचार्यांच्या सही-शिक्क्याची, किंवा कालिन्याच्या विद्यानगरीतल्या परीक्षा विभागाची. व्हीजेटीआयसारख्या स्वायत्त संस्थेत परीक्षा विभाग संस्थेचाच असतो. समोरचं विद्यापीठ ‘इश्यूइंग ऑथॉरिटी’, म्हणजे कागद देणारी अधिकृत संस्था, कोणाला म्हणतं ते त्यांच्या सूचनांत वाचा आणि मगच रांगेत उभं राहा. डब्ल्यूईएससारखी, परदेशी डिग्रीचं मूल्यमापन करणारी संस्था संलग्न कॉलेजची सही सहसा मानत नाही, तिला विद्यापीठाचीच लागते. हे न वाचता कॉलेजातून दहा संच काढून आणणारे दर वर्षी भेटतात.

केटी लागली, म्हणजे विषय राहिला असेल तर नापास झाल्याची मार्कशीट आणि सुटल्याची मार्कशीट, दोन्ही लावा. लपवून उपयोग नाही, कारण परीक्षेचा महिना-वर्ष बोलतं. गुणांपुढे ग्रेसची चिन्हं असतील तर ती ट्रान्सक्रिप्टमध्येही तशीच उतरू द्या. सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर स्वतःच्या मनानं करू नका. अर्जात स्केल १० निवडून मार्कशीटवरचा आकडा लिहा, टक्के वेगळे मागितले तरच विद्यापीठाच्या सूत्रानं काढून द्या. इंटरनेटवरचं ‘साडेनऊनं गुणा’ हे सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं, तुमच्या डिग्रीशी त्याचा संबंध नाही.

बरीच विद्यापीठं अर्जाच्या वेळी फक्त स्कॅन मागतात आणि सीलबंद प्रत प्रवेश पक्का झाल्यावर. तेव्हा दोन-तीन सीलबंद संच पुरतात. स्कॅन रंगीत, ३०० डीपीआयचं, मार्कशीटच्या मागच्या बाजूसकट, सेमिस्टरच्या क्रमानं एकाच पीडीएफमध्ये. मोबाइलनं काढलेल्या फोटोत हाताची सावली आकड्यांवर पडते, नेमका तोच विषय वाचता येत नाही.

लिफाफा खिडकीवरच तपासा. मागची झडप चिकटवलेली हवी आणि अर्धी सही झडपेवर, अर्धी लिफाफ्यावर अशी आडवी हवी, शिक्काही तसाच. फक्त सेलोटेप लावून समोर शिक्का मारलेला लिफाफा सीलबंद धरत नाहीत. डब्ल्यूईएसचा रेफरन्स नंबर बाहेर ठळक लिहून घ्या. आणि काम जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर प्लॅस्टिकची झिपवाली पिशवी बरोबर ठेवा. कालिन्याहून सांताक्रूझ स्टेशनला येईपर्यंत शाई पसरली, तर तोच संच पुन्हा काढायचा.

शिफारसपत्रं

सहसा तीन लागतात. सरांना सहा-आठ आठवडे आधी सांगा आणि एका पानावर पासपोर्टप्रमाणे नाव, त्यांच्याकडे शिकलेला विषय, प्रोजेक्टमध्ये केलेलं काम आणि प्रत्येक विद्यापीठाची शेवटची तारीख लिहून द्या. अर्जात सरांचा कॉलेजच्या डोमेनचा ई-मेल घाला. जीमेलवर शंका घेतात. “ड्राफ्ट तूच आण” असं सर म्हणाले तर ते पान पुढे करा आणि दोन ओळी तरी त्यांच्याकडूनच मिळवा. तिन्ही पत्रं एकाच हातची असली की वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच कळतं.

जर्मनी असेल तर

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना स्टुडंट व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाचे कागद खरे असल्याचा दाखला, लागतं. फी १८,००० रुपये. हिवाळी सत्राची नेहमीची शेवटची तारीख १५ जुलै, पण एपीएसची तयारी जानेवारीतच सुरू करा. युनि-असिस्ट या अनेक जर्मन विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या संस्थेमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात.

अमेरिकेचा शेवटचा टप्पा

प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठ पैशांचे कागद पाहून आय-ट्वेंटी हा स्टुडंट व्हिसासाठी लागणारा फॉर्म पाठवतं. बाबांच्या बँक पत्रावर त्यांचं नाव तुमच्या पासपोर्टवर छापलंय तसंच असू द्या. आय-ट्वेंटी आली की त्यावरचं आडनाव, नाव आणि जन्मतारीख पासपोर्टच्या तळाच्या ओळीशी पडताळा, कारण ३५० डॉलरची सेव्हिस फी (विद्यार्थी नोंदणीची), डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि बीकेसीतल्या वकिलातीतली मुलाखत, सगळं तिच्यावरच उभं राहतं. चूक दिसली तर आय-ट्वेंटी देणाऱ्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला पासपोर्टचं पान जोडून त्याच दिवशी मेल करा. ही दुरुस्ती तेच करतात, वकिलात करत नाही.