फुलं भरपूर, पण फुलपाखरं टिकेनात? उद्यानातल्या या चुका टाळा

वॉर्डातल्या उद्यानाचा एक कोपरा मिळतो. पावसाच्या तोंडावर स्वयंसेवक झिनिया, पेंटास, झेंडू लावतात, फलकही लागतो. दिवाळीपर्यंत फुलं बहरतात. फुलपाखरं मात्र येतात, दोन घोट मध पितात आणि निघून जातात.

बहुतेक वेळा कारण एकच असतं: अळ्यांना खायला पानं नसतात. मध बऱ्याच फुलांचा चालतो, पण मादी अंडी घालते ती ठरावीक झाडांवरच. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांना कढीपत्ता किंवा लिंबू लागतं. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन लिंबाच्याच कुळातली झाडं शोधतं. प्लेन टायगरला रुई, कॉमन क्रोला कण्हेर, कॉमन एमिग्रंटला बहावा, टेल्ड जेला खोटा अशोक किंवा सोनचाफा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते आणि कण्हेर विषारी आहे, म्हणून ही दोन घसरगुंडीपासून लांब लावा.

प्रत्येकी एकच रोप लावणं. दीड फुटी कढीपत्ता मोठ्या झालेल्या दोन-तीन अळ्या बोडका करतात आणि उरलेल्या उपाशी मरतात. कढीपत्त्याची 5-6 रोपं मीटरभर अंतरावर एकत्र लावा. बोडकं रोप उपटू नका; मुळं शाबूत असतील तर ते पुन्हा फुटतं. सार्वजनिक बागेत कढीपत्त्याचा खरा शत्रू वेगळाच: फिरायला येणारी मंडळी फोडणीसाठी कोवळे शेंडेच खुडतात, आणि अंडी नेमकी तिथेच असतात. मोहरीएवढा फिकट पिवळा गोल दाणा दिसला तर ते अंडं. दोन-तीन रोपं पायवाटेजवळ लोकांसाठी ठेवा, बाकीची आत.

कीड समजून फवारणी. बाग फसते ती बहुतेकदा इथेच. कढीपत्त्यावरची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. पानं कुरतडलेली पाहून माळीकाका पंप काढतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. म्हणून लावणीच्या दिवशीच त्यांना अळ्या दाखवा आणि फलकावर फुलपाखरांच्या चित्रांआधी लिहा: ‘इथली पानं खाल्लेलीच असणार. फवारू नये.’ ‘सेंद्रिय आहे’ म्हणून निंबोळी तेलही नको, त्यानेही अळ्या मरतात. रुईवर पिवळा मावा (रस शोषणारे बारीक किडे) आला तर आधी अंडी-अळ्या बघा, मग बोटाने पुसा किंवा पाण्याने धुवा. डासांसाठी धूर मारायला येणाऱ्यांना हा कोपरा वगळायची विनंती लेखी द्या. रोपं घेताना नर्सरीत औषधाबद्दल विचारा. काही कीटकनाशकं झाडात भिनतात आणि पानांत, मधात उतरतात.

सावलीची जागा. अंग तापल्याशिवाय फुलपाखराला नीट उडता येत नाही. रोज 5-6 तास ऊन हवं, वाऱ्याच्या बाजूला झुडपांचा आडोसा हवा.

फुलझाडं सुटी-सुटी विखरू नका, एका जातीची 5-7 एकत्र लावा. गच्च पाकळ्यांच्या झेंडूत मधापर्यंत सोंड पोचत नाही, एकेरी जाती निवडा. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, पण ती माजते, रान गिळते, लावू नका. हिरवळीतली एकदांडी मात्र उपटू नका. छोट्या फुलपाखरांचं ते फुकटचं हॉटेल आहे.

पाण्याचं भांडं भरून ठेवणं. त्यात डास होतात, आणि फुलपाखरांना उघडं पाणी नकोच असतं. त्यांना ओल्या मातीतले क्षार हवे असतात. पसरट थाळीत तीन भाग वाळू, एक भाग माती आणि चिमूटभर मीठ घाला. रोज सकाळी माती ओली होईल एवढंच पाणी शिंपडा, वर साचू देऊ नका.

छाटणी आणि झाडलोट करताना आधी फांद्यांच्या खालच्या बाजूला कोष आहेत का ते बघा. कोष असलेली फांदी फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत, साधारण दोन आठवडे, तशीच राहू द्या आणि माळीकाकांना कळावं म्हणून तिला रंगीत दोरा बांधा.