सॅटेलाइटवरून जंगलाचं नुकसान मोजताय? या चुका टाळा

दरवर्षी मार्च-एप्रिलात कोणी ना कोणी नकाशा पाठवतं, की मेळघाटचा एनबीआर (इमेजवरून जळालेला भाग ओळखायचा आकडा, जळालं की तो पडतो) काढलाय, अर्धं जंगल जळालेलं दिसतंय, बघ ना जरा. बघितलं की कळतं, आधीची इमेज डिसेंबरची घेतलीय आणि नंतरची एप्रिलची, आणि मधल्या काळात सागाने पानं टाकलीत. उन्हाळ्यात सागाच्या जंगलात उभं राहा, वर नुसत्या काड्या, खाली करकर वाजणारा पाचोळा, आणि सॅटेलाइटला वरून तोच पाचोळा आणि माती दिसते. एनबीआर पडणारच. पण ते जळणं नाही, ती पानगळ आहे.

माझ्या मते निम्म्याहून जास्त घोटाळे इथेच होतात. जंगल त्या महिन्यात एरवी कसं दिसतं हे माहीत नसताना दोन इमेज वजा करायच्या नाहीत. एप्रिलची तुलना एप्रिलशीच करा, आणि गेल्या तीन-चार वर्षांच्या एप्रिलचा मिडियन (मधला आकडा) काढला तर अजून चांगलं. वणव्याची तारीख माहीत असेल तर त्याच्या आठवडाभर आधीची आणि लगेच नंतरची अशी जोडी घ्या, सेंटिनेल-२ हे दोन सॅटेलाइट मिळून दर ५ दिवसांनी त्याच जागेवरून जातात आणि उन्हाळ्यात आपल्याकडे ढग फारसे नसतात त्यामुळे हे जमतं. नंतरची इमेज जूनची घेऊ नका, राख तोपर्यंत उडून गेलेली असते आणि पहिल्या पावसाने गवत वर येतं.

असंच एक सप्टेंबर-ऑक्टोबरात होतं. पावसाळा संपून पहिली स्वच्छ इमेज मिळते आणि साग तपकिरी दिसतो, लगेच लोक दुष्काळ म्हणतात. बऱ्याचदा ती अळी असते, पानाचा हिरवा भाग खाऊन नुसती शिरांची जाळी ठेवते. झाड मरत नाही. त्यामुळे एका इमेजवर 'झाडं मेली' असं लिहू नका, पुढच्या वर्षीचा तोच महिना बघा.

आता एक चूक जिच्यात माझा स्वतःचा आठवडा गेला. आधीची इमेज डिसेंबर २०२१, नंतरची मार्च २०२२, आणि सगळा तालुका हलका जळालेला, शेतं धरून. पानगळ वजा केली तरी तेच. कारण २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या डेटात प्रत्येक बँडमध्ये (प्रकाशाच्या पट्ट्यात) १००० ची भर घातलेली येते, ती वापरणाऱ्याने वजा करायची असते. हिशोब करून बघा, एनबीआर म्हणजे नियर इन्फ्रारेड आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड या दोन बँडची वजाबाकी भागिले बेरीज: नियर इन्फ्रारेड ३००० आणि शॉर्टवेव्ह १००० असेल तर एनबीआर ०.५०, तेच ४००० आणि २००० झालं की ०.३३. फरक ०.१७, म्हणजे जमिनीवर एक काडीही पेटलेली नसताना नकाशात 'कमी तीव्रतेचा वणवा'. गूगलच्या अर्थ इंजिनवर असाल तर हार्मोनाइज्ड कलेक्शनच (ही भर आधीच काढलेला डेटा) घ्या, स्वतः डाउनलोड करत असाल तर १००० वजा केल्याशिवाय काही काढू नका.

एनबीआर किती पडला यावरून वणव्याची तीव्रता ठरवायचे जे आकडे सगळे कॉपी करतात, ०.२७, ०.४४, ०.६६, ते अमेरिकेतल्या जंगलांवरून आलेत. तिकडे सूचिपर्णी झाडांचे शेंडे पेटतात. आपल्याकडे आग जमिनीवरून पाचोळा खात जाते, बुंधे काळे होतात आणि झाड बहुतेक वेळा वाचतं, मग ते वर्ग जसेच्या तसे लावून कसं चालेल? आणि सरळ रेषेत पट्टा जळालेला दिसला तर ती जाळरेषा असू शकते, वनविभागाने मुद्दाम जाळलेली. बीट गार्डला एक फोन करा. तसंही आपले बरेचसे वणवे माणसानेच लावलेले असतात, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि तिथून आग सुटते. सॅटेलाइट कुठे आणि कधी सांगतं, कोणी लावली ते नाही, म्हणून सगळं 'नैसर्गिक' मध्ये टाकू नका.

फायर पॉइंटचंही, म्हणजे सॅटेलाइटने टिपलेल्या आगीच्या ठिपक्यांचंही, तसंच. आग टिपणाऱ्या व्हीआयआयआरएस सेन्सरचा पिक्सेल ३७५ मीटरचा, ठिपका पिक्सेलच्या मध्यावर पडतो, आग त्यात कुठेही असेल. सॅटेलाइट जातं दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास. चारला लागून नऊला विझलेली आग त्याला दिसतच नाही.

सह्याद्रीत काम असेल तर सावली. सेंटिनेल-२ सकाळी साडेदहाच्या सुमारास जातं, डिसेंबरात सूर्य खाली असतो, आणि कोकणाकडचे कडे काळेच दिसतात. तो भाग मास्क करा, म्हणजे हिशोबातून वगळा.

सगळ्यात अवघड वादळ. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आलं, श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, फणसाड अभयारण्यातही झाडं पडली. पाठोपाठ पावसाळा, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत धड इमेज नाही. आणि एखादी मधेच मिळाली तरी मुळासकट पडलेल्या आंब्याची पानं काही दिवस हिरवीच असतात, एनडीव्हीआय (हिरवेपणाचा आकडा) म्हणतो सगळं ठीक. ऑक्टोबरात तर पडलेल्या झाडांच्या जागी टाकळा, रानमोडी, वेली, एवढं हिरवं माजलेलं असतं की नकाशात जंगल 'सावरलं' असं येतं, आणि खाली खोडं कुजत पडलेली असतात!

लोक मग रडार घेतात, ढगातून दिसतं म्हणून. घ्या, पण वादळाआधीची सुकी इमेज आणि नंतरची भिजलेली अशी एकेकच लावली तर पडझडीच्या आधी ओलावा दिसतो. आधीच्या-नंतरच्या तीन-चार इमेजची सरासरी घ्या आणि सॅटेलाइटची कक्षा तीच ठेवा, नाहीतर डोंगरउतार उगाच बदललेले दिसतात.

फणसाडसारख्या ठिकाणी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते थांबणं. जानेवारी-फेब्रुवारी २०२१ ची इमेज जानेवारी-फेब्रुवारी २०२० शेजारी ठेवा. तोवर खालचं गवत, टाकळा वाळलेला असतो, सदाहरित झाडांचं छत हिरवं राहतं आणि जिथे झाड गेलंय तिथे तपकिरी भोक उघडं पडतं. मग त्यातली वीसेक भोकं आणि वीसेक न बदललेल्या जागा जीपीएसवर टाकून चालत जाऊन बघा. आडवं खोड, वर निघालेली मुळं, खड्डा, हे दिसलं तर वादळ. कुऱ्हाडीने सपाट कापलेला बुंधा दिसला तर ती जागा वादळाच्या आकड्यातून काढा.